नदीकाठची सायकलवाट आणि आपली पाणंद

(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात प्रवासावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही काही व्याख्याते नव्हे. आणि ज्या प्रवासाविषयी बोलणार आहोत तो ऐकून आपल्यापैकी कित्येकांना हसू येण्याचाही संभव आहे. साठी उलटल्यावर आम्ही उभयता परदेशी गेलो आणि तेथे आठ दिवस सायकलीवर बसून एका नदीच्या काठाने हिंडलो, एवढीच ती कथा. परंतु त्या आठ दिवसांनी आम्हांस एका घरच्या प्रश्नापाशी आणून सोडले. तो प्रश्न शेवटी मांडण्याची परवानगी असावी.

सायकल आपल्या समाजाला नवी नाही. या सभागृहातील पुष्कळ वडीलधाऱ्यांनी शाळा, कचेरी आणि बाजार ही तिन्ही कामे सायकलीवर केली आहेत. पुणे शहर तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. मग ती सायकल माळ्यावर का गेली? आपण म्हणू, अंगात ताकद राहिली नाही. आमच्या घरापुरते बोलायचे तर कारण निराळे आहे. तीस वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींना मागून आलेल्या एका ट्रकने हूल दिली. त्या पडल्या नाहीत. पण त्या दिवशी सायकल भिंतीला टेकवली ती कायमचीच. पुढे मुलींनाही आम्हीच सायकल नाकारली. पाय शाबूत होते, मनात भय होते. आणि ते भय रस्त्याने निर्माण केले होते. तेव्हा ज्या वाटेवर मोटारीचे भय नाही अशी वाट असेल, तर म्हातारी माणसे व लहान मुले किती दूर जाऊ शकतील, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. त्याचे उत्तर आम्हांस २०२३ सालच्या सप्टेंबरात डॅन्यूब नदीच्या काठी मिळाले.

डॅन्यूब ही जर्मनीतील कृष्णारण्यात उगम पावते आणि दहा देशांचा स्पर्श घेत सुमारे २,८५० किलोमीटरांनंतर काळ्या समुद्रास मिळते. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत युरोप खंड ओलांडणारा एक दीर्घ सायकलमार्ग आहे, त्याला युरोवेलो सहा असे म्हणतात. त्या मार्गाचा जर्मनीच्या सीमेवरील पासाउ या नगरापासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिच्यापर्यंतचा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांचा तुकडा सर्वांत गजबजलेला आहे. गजबज सायकलस्वारांची, मोटारींची नव्हे. या तुकड्याचा बहुतेक भाग नदीच्या अगदी कडेने जातो, डांबरी आहे, आणि त्यावर सर्वसामान्य मोटारींना मज्जाव आहे.

ही वाट म्हाताऱ्यांनाही झेपते याचे कारण भूगोलात आहे. पासाउ ते व्हिएन्ना एवढ्या अंतरात नदी दीडशे मीटरही खाली उतरत नाही. म्हणजे दर किलोमीटरास अर्धा मीटरसुद्धा नाही. वाट नदीची सोबत सोडत नाही, म्हणून चढ असा लागतच नाही. शिवाय त्या मुलखात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो आणि नदी पूर्वेकडे जाते. प्रवाहाबरोबर जाणाऱ्याच्या पाठीवर वाऱ्याचा हात असतो. दिवसाला चाळीस किलोमीटर हा हिशेब आम्ही भीतभीतच मांडला होता; दुसऱ्या दिवसापासून तो आम्हांस थोडा वाटू लागला.

पण अशी सपाट वाट नदीच्या इतक्या लगत मुळात कोणी बांधली आणि कशासाठी? ती सहलीसाठी खास नव्हती. वाफेची यंत्रे येण्यापूर्वी प्रवाहाबरोबर खाली गेलेली नाव पुन्हा वर आणायची, तर ती दोरांनी ओढावी लागे. काठावरून घोडे चालत, त्यांच्या मागे जाड दोर, आणि दोराच्या टोकाला मालाने भरलेल्या नावांची रांग. मोठ्या तांड्याला तीस-चाळीस, कधी त्याहूनही अधिक घोडे लागत; व्हिएन्नाहून वर पासाउला पोहोचण्यास आठवडेच्या आठवडे जात. दोर तुटला, पाय घसरला, तर माणसे व जनावरे पाण्यात जात. त्या घोड्यांच्या टापांखाली तयार झालेली वाट ती ही. जर्मन भाषेत तिला ट्रेपेलवेग म्हणतात. आज ज्या वाटेवरून नातवंडे घंटी वाजवीत जातात, ती अशी घामाची वाट आहे.

पुढे १८२९ साली डॅन्यूबवर आगबोटी चालविणारी कंपनी स्थापन झाली. १८५८ साली व्हिएन्ना ते लिंत्स आगगाडी सुरू झाली. घोडे गेले, दोर गेले. वाटेचे प्रयोजनच संपले. येथे आम्ही आपले लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. निकामी झालेल्या वाटेचे काय होते, हे आपणांस ठाऊक आहे. एक जण कुंपण पुढे सरकवितो, दुसरा गोठा बांधतो, तिसरा नांगराचे एक तास जास्त घेतो. दोन पिढ्यांत वाट नाहीशी होते आणि चौथी पिढी शपथेवर सांगते की येथे वाट कधी नव्हतीच. डॅन्यूबच्या काठी तसे घडले नाही. काठाची दुरुस्ती आणि जलमार्गाची देखरेख यांसाठी ती पट्टी सरकारी जलमार्ग खात्याच्या हाती राहिली. खात्याची गाडी अधूनमधून जाई, बाकी ती रिकामी असे. १९८० नंतरच्या दशकात ती सायकलस्वारांना मोकळी झाली, तेव्हा नवी जमीन मिळवावी लागली नाही. जी हातची सोडली नव्हती तीच उपयोगाला आली.

आता वाटेवरील चार स्थळे सांगतो.

पासाउ येथे तीन नद्यांचा संगम आहे. डॅन्यूब, आल्प्समधून येणारी इन आणि उत्तरेकडून येणारी इल्झ. हिमनद्यांच्या पाण्याची इन हिरवट, दलदलीच्या प्रदेशातून येणारी इल्झ काळसर. काही अंतरापर्यंत हे रंग शेजारी शेजारी वाहताना दिसतात. प्रयागचा संगम पाहिलेल्यांस ते दृश्य ओळखीचे वाटेल. तेथील नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३ सालच्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरांवर चढले. १५०१ सालानंतर एवढा पूर आला नव्हता. काठची वाट अशा वेळी पाण्याखाली जाते, चिखलाने भरते, आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा खरवडून स्वच्छ केली जाते. नदीच्या शेजारी राहायचे तर तिचा हक्क मानून राहावे लागते.

पासाउच्या खाली श्लोगेन येथे नदीला ग्रॅनाइटच्या डोंगराने अडविले आहे. नदी जवळजवळ उलट फिरते आणि विळख्यासारखे वळण घेते. उत्तर काठाने जाणाऱ्याची वाट तेथे झाडीत संपते. पुढे कडा आणि जंगल. रस्ता करण्यासाठी त्यांनी कडा फोडला नाही. एक लहान नाव सायकलींसकट उतारूंना घेते आणि वळणाच्या पुढे वाट पुन्हा सुरू होते तेथे नेऊन सोडते. आमच्या कोकणातील मंडळींना तरीची सवय आहे. घाटावरील आमच्यासारख्यांना मात्र नावेत सायकल उभी करून बसण्याची मौज नवी होती.

सारेच गोड सांगितले तर ते खोटे होईल. लिंत्स शहराच्या अलीकडे वाट मोठ्या रस्त्याला चिकटून जाते आणि तासभर मोटारींची घरघर कानांत राहते. चार दिवसांच्या शांततेनंतर तो आवाज इतका असह्य झाला की याच आवाजात आपण घरी रोज जेवतो-झोपतो, हे आम्हांस प्रथमच उमजले.

लिंत्सच्या पुढे माउटहाउझेन लागते. या गावचा ग्रॅनाइट दगड व्हिएन्नाच्या रस्त्यांच्या फरसबंदीला जात असे. त्याच खाणीपाशी १९३८ साली नाझींनी छळछावणी उभारली. ५ मे १९४५ रोजी अमेरिकन सैन्य तेथे पोहोचेपर्यंत ती व तिच्या शाखा मिळून सुमारे १,९०,००० माणसे तेथे आणली गेली. त्यांपैकी किमान ९०,००० मेली. खाणीतून वर येणाऱ्या १८६ पायऱ्यांवरून कैद्यांना पाठीवर दगड घेऊन चढविले जाई. नदीकाठच्या सपाट वाटेवरून तेथे जावयाचे तर डोंगर चढावा लागतो. आम्ही सायकली हातांनी ढकलीत चढलो. खाली नदी तशीच शांत वाहत होती. काठ सुंदर असला म्हणजे काठची माणसे न्यायाने वागतील असे नाही, हे आम्ही त्या पायऱ्यांपाशी उभे राहून मनात नोंदवून घेतले.

त्यानंतर ग्राइन गावाजवळची अरुंद खिंड येते. तेथील खडक व भोवरे यांनी शतकानुशतके नावा बुडविल्या. पुढे खडक सुरुंगांनी फोडले गेले, आणि १९५९ साली इब्स-पेर्झेनबॉइग येथील वीजनिर्मितीचे धरण पूर्ण झाल्यावर भोवरे खोल पाण्याखाली गेले. डॅन्यूबवर अशी अनेक धरणे आहेत; त्यांपैकी पुष्कळांच्या माथ्यावरून सायकलस्वारांना पैलथडीस जाता येते. वीजही निघते आणि वाटही मिळते.

मेल्क येथे नदीवरच्या खडकावर १७०२ ते १७३६ या काळात उभा राहिलेला प्रचंड मठ दिसतो आणि तेथून क्रेम्सपर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटर वाखाउ नावाचे खोरे पसरले आहे. दोन्ही बाजूंस दगडी बांधांच्या पायऱ्या, त्यांवर द्राक्षवेली, खाली जर्दाळूच्या बागा. आपल्याकडील डोंगरउतारावरील ताली डोळ्यांपुढे आणाव्यात. उत्तर काठाला गावे जास्त आणि मोटारींचा हमरस्ताही. दक्षिण काठ बागांतून जाणारा, अधिक निवांत. श्पित्स व वाइसनकिर्खेन येथे दोन काठांना जोडणाऱ्या नावा आहेत, त्यांना इंजिन नाही. नदीवर आडवा तारदोर ताणला आहे, त्यावर कप्पी, आणि कप्पीला नाव बांधलेली. नावाडी नाव प्रवाहाशी तिरकी करतो. पाण्याचा रेटाच तिला पैलथडीला नेतो. आवाज नाही, धूर नाही. आम्ही मुद्दाम दोनदा ऐलथडी-पैलथडी केली.

याच खोऱ्यात १९७० नंतरच्या दशकात आणखी एक धरण बांधण्याचा बेत होता. काठच्या रहिवाशांनी त्याविरुद्ध संघटना उभारली आणि धरण झाले नाही. म्हणून त्या भागात डॅन्यूब अद्याप मोकळी वाहते. २००० साली युनेस्कोने वाखाउला जागतिक वारशाचा मान दिला. पुढे व्हिएन्नाच्या वाटेवर त्स्वेन्टेनडॉर्फ येथे बांधून तयार झालेले, पण एकही दिवस न चाललेले अणुवीजकेंद्र दिसते. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी साऱ्या देशाने मतदान केले आणि अत्यल्प फरकाने ते नाकारले. धरण बरे की वाईट, अणुशक्ती हवी की नको, यावर या व्यासपीठावरून मत देण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हांस एवढेच जाणवले की काठावर काय असावे हे काठच्या लोकांना विचारले गेले, आणि विचारल्यावर ऐकलेही गेले.

या वाटेने खेड्यांचे काय केले, तेही सांगावयास हवे. मोटारीने जाणारा प्रवासी व्हिएन्नाला जेवतो. सायकलीने जाणाऱ्याला दर दहा-पंधरा किलोमीटरांवर भूक लागते आणि दर चाळीस-पन्नास किलोमीटरांवर रात्र होते. म्हणून जेथे मोटार कधी थांबली नसती अशा लहान गावांतही घरावर ‘खोली मिळेल’ अशी पाटी दिसते. मागल्या अंगणात चार बाके, घरचा पाव, बागेतील जर्दाळूंचा मुरंबा. पंक्चर झाल्यास पंप व सोल्यूशन हजर. सायकली भाड्याने मिळतात, सामान पुढील मुक्कामी पोहोचविणारी मंडळी आहेत, आगगाडीतही सायकलीची सोय आहे. आमच्या सौभाग्यवतींनी तीस वर्षांनी सायकल हाती घेतली ती अशा सोयींच्या भरवशावर. पहिल्या दिवशी त्या पावलोपावली मागे वळून पाहात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मागे पाहणे सोडले. आमच्या प्रवासाचे फलित कोणी विचारले तर आम्ही हेच सांगू.

आता तो घरचा प्रश्न.

व्हिएन्नाहून परतल्यावर आम्ही गावी गेलो. आमच्या मूळ गावी ओढ्याच्या काठाने नदीपर्यंत जाणारी एक पाणंद होती. लहानपणी आम्ही तिच्यातून गुरांमागे गेलो आहोत, बैलगाडीने गेलो आहोत. दोन्ही बाजूंना शेर आणि निवडुंग, वर करंजाची सावली. आज त्या पाणंदीतून एक माणूस आडवा होऊनच जाऊ शकतो. पुढे ती बाभळीत हरवते. शाळेची मुले म्हणून हमरस्त्याने जातात, जेथे उसाचे ट्रॅक्टर आणि वाळूचे डंपर धावतात. आम्ही गावनकाशा काढून पाहिला. नकाशात पाणंद पुऱ्या रुंदीची आहे. मग जमीन गेली कोठे? मंडळी, सांगावयास लाज वाटते, पण या व्यासपीठावरून खरेच बोलले पाहिजे: ती आमच्याच बांधाच्या आत आहे. आजोबांनी एक हात घेतला असेल, वडिलांनी एक. आणि आम्ही शहरात बसून त्या हातभर जमिनीवरील उसाचा वाटा दरसाल घेत आलो.

चुलतबंधूंपाशी गोष्ट काढली, तेव्हा ते म्हणाले, “दादा, तुम्ही परदेश पाहून आलात, बरे झाले. पण तिकडची हवा लागून इकडची जमीन वाटायला निघालात काय? समोरच्याने त्याचा बांध आधी मागे घ्यावा, मग आपण पाहू.” समोरच्यानेही हेच म्हटले असणार. प्रत्येकाने समोरच्याची वाट पाहिली, आणि त्यात वाटच बुडाली.

कायदा याबाबत मुका नाही. वाटेतील अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या पाचव्या कलमाने तहसीलदारांना दिला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या १४३ व्या कलमान्वये बांधावरून वहिवाटीचा रस्ता मागता येतो. २०२१ साली राज्य शासनाने शेत व पाणंद रस्त्यांसाठी योजनाही जाहीर केली. परंतु कायदा भांडणाऱ्यासाठी असतो. ज्याने स्वतःच जागा दाबली आहे, त्याने कचेरीची नोटीस येण्याची वाट का पाहावी?

आणखी एक कठोर गोष्ट बोलून संपवितो. वाट सर्वांची असते हे आपल्या देशात सहज मान्य झालेले नाही. १९२४ साली त्रावणकोर संस्थानातील वायकोम येथे देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठी लोकांना सत्याग्रह करावा लागला. १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्यासाठी. जातीजातींच्या संस्थांनी, आपल्याही, त्या काळी कोणती बाजू घेतली हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे. आपली संस्था ज्ञातीची आहे. पण पाणंद ज्ञातीची नसते. ती मोकळी झाली तर तिच्यातून आपली लेक सायकलीने शाळेला जाईल, आणि तिच्या बरोबरीने गावातील कोणत्याही घरची लेक जाईल. ज्यांना हे सलत असेल त्यांनी वाट मोकळी करू नये. परंतु मग समाजोन्नतीची भाषाही करू नये.

आमची सूचना साधी आहे. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांची गावी जमीन आहे, त्यांनी येत्या वर्षी गावनकाशा काढून आपल्या बांधालगतची वाट मोजून पाहावी. जास्त निघालेली जमीन गाजावाजा न करता सोडावी. जेथे नदी वा ओढा आहे, तेथे काठची पट्टी मोकळी ठेवावी. डॅन्यूबच्या वाटेवर घोडे थांबले तेव्हा पुढे सायकली येतील हे कोणास ठाऊक होते? त्यांनी फक्त वाट बुजू दिली नाही. आपल्या पाणंदीतून उद्या कोण जाईल हे आपणही सांगू शकणार नाही; मोकळी ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

आम्ही आमच्या हिश्श्याच्या मोजणीचा अर्ज दिला आहे. चुलतबंधू अद्याप रुसलेले आहेत. पण मोजणीच्या दिवशी हजर राहीन असा त्यांचा निरोप आहे. ते आज या सभागृहातच बसले असल्याने अधिक बोलत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी माळ्यावरची सायकल खाली उतरविली आहे. तिला नवे टायर घातले आहेत. ती चालविण्याजोगी वाट देणे हे आमचे काम आहे.